पक्षिछायाचित्रातील रचना आणि संपादन : नांदूर मध्यमेश्वर व शिवडी यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही किनाऱ्यावरचे पक्षी येथील छायाचित्रकारांना परके नाहीत. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात बांधलेल्या बंधाऱ्यामुळे नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय निर्माण झाला. पुढे त्यात गाळ साचत गेला, उथळ पाण्याची पसरट क्षेत्रे व लहान बेटे तयार झाली, पाणकणसाची दाटी वाढली आणि पाटबंधाऱ्याच्या सोयीसाठी अडवलेले पाणी पक्ष्यांचे आश्रयस्थान बनले. 1986 मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले आणि 2020 च्या जानेवारीत हे स्थळ महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून जाहीर करण्यात आले. हिवाळ्यात पाणी उतरू लागले की चिखलाचे जे पट्टे उघडे पडतात, त्यांवर टिलवे, तुतवार, चिखले, गॉडविट हे पक्षी चोच खुपसत फिरताना दिसतात. हेच पक्षी कोकणच्या खाड्यांवर ओहोटीच्या वेळी दिसतात. या पक्ष्यांच्या दृष्टीने समुद्र आणि नदी हा भेद गौण आहे. त्यांना हवा असतो तो काठ, म्हणजे पाणी आणि जमीन यांच्यामधला अरुंद, ओला, सतत सरकणारा पट्टा.

गेल्या दोन दशकांत डिजिटल कॅमेरा, दूरवरचे टिपणारी भिंगे व संगणकीय संपादनाची साधने सहज उपलब्ध झाल्याने या पक्ष्यांच्या छायाचित्रांची संख्या अफाट वाढली आहे. महाविद्यालयांतील निसर्गमंडळे प्रदर्शने भरवितात, स्पर्धा घेतात आणि प्राध्यापकवर्गाला परीक्षक म्हणून पाचारण केले जाते. परीक्षकासमोर येणारा नेहमीचा प्रश्न ‘हे चित्र सुंदर आहे काय’ असा असतो. ‘हे चित्र खरे आहे काय’ हा प्रश्न फारच क्वचित विचारला जातो आणि विचारला गेलाच तर तो ‘संगणकावर काही फेरफार केला आहे काय’ एवढ्यापुरता आकुंचित होतो. पक्ष्याच्या छायाचित्रातील सर्वांत मोठी हानी बहुतेक वेळा संगणकाच्या कुंचल्याने होत नाही. ती चौकटीच्या कडेवर, म्हणजे रचनेतच होते, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

जुळवाजुळवीची जुनी परंपरा

संपादन म्हणजे संगणकयुगातील भेसळ, ही समजूत इतिहासाला धरून नाही. 1850 च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव्ह ल ग्रे याने समुद्राची जी चित्रे सिद्ध केली, त्यांतील अनेक चित्रांमध्ये आकाश एका काचेवरचे आणि लाटा दुसऱ्या काचेवरच्या आहेत. त्या काळच्या रासायनिक लेपाला निळा प्रकाश अति भावत असे. समुद्र नीट उमटवावा तर आकाश पांढरेफटक पडे. दोन काचा जोडल्यावाचून डोळ्यांना दिसणारा समुद्रकिनारा कागदावर येणे शक्य नव्हते. येथे जोड ही सत्याकडे जाण्याची वाट होती.

चित्रकलेत तर पृष्ठाचा आकारच पक्ष्याला वाकवू शकतो. जॉन जेम्स ऑडुबॉनच्या 1827 ते 1838 या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ या ग्रंथात पक्षी प्रत्यक्षाकाराचे दाखविण्याचा आग्रह होता. उंच रोहित पक्षी त्या प्रचंड पानावरही ताठ उभा मावेना. म्हणून त्याची मान खाली वळविलेली आहे. परंतु ती वळण पक्ष्याच्या स्वभावाशी विसंगत नाही, कारण रोहित अन्न घेताना मान अशीच खाली झुकवतो. शिवाय त्याच्या मागे दूरवर उथळ पाणी आणि इतर रोहित यांचे चित्रण आहे. रचनेची अडचण आणि पक्ष्याचे वर्तन यांची तेथे गाठ पडली आहे. त्यामुळे वाकवलेली मान वाचकास खटकत नाही.

या परंपरेत नाशिकचा वाटाही आहे. त्र्यंबकेश्वर येथे 1870 मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार व मुद्रणतज्ज्ञ होते. 1912 मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारा लघुपट केला. ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून ती सलग दाखविली की अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत डोळ्यांपुढे उलगडते. कोणत्याही मानवी डोळ्याने असे रोप कधी पाहिलेले नाही आणि तरीही त्या पटातील प्रत्येक चौकट खरी आहे. काळाचे एवढे उघड संपादन करूनही प्रेक्षकाची फसवणूक होत नाही, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

रंग : शोभा की माहिती?

पक्ष्याच्या बाबतीत रंग हा केवळ शोभेचा विषय नसतो. रोहिताचा गुलाबी रंग त्याच्या आहारातील कॅरोटिनॉइड द्रव्यांपासून येतो. पिल्ले करडी असतात आणि पूर्ण गुलाबी होण्यास त्यांना काही वर्षे लागतात. मोठा रोहित फिकट, त्याची चोच गुलाबी व टोकाशी काळी. छोटा रोहित अधिक गडद आणि त्याची चोच काळपट तांबडी. शिवडी व ठाणे खाडीच्या परिसरात दोन्ही जाती येतात. आता संगणकावर रंगांची संपृक्तता वाढविणारी पट्टी थोडी उजवीकडे सरकविली की काय घडते? मोठा रोहित छोट्या रोहितासारखा दिसू लागतो आणि करडी पिल्ले गुलाबी छटेत विरघळून जातात. प्रेक्षकाला आकर्षक थवा मिळतो. परंतु थव्यात तरुण पक्षी किती, जाती कोणत्या, ही माहिती पुसली जाते. मूळ चित्र काळजीपूर्वक पाहणाऱ्यास त्या थव्याविषयी जे वाचता आले असते, ते या चित्रात वाचता येत नाही.

नांदूर मध्यमेश्वर येथील उदाहरण याहून सूक्ष्म आहे. काळ्या शेपटीचा गॉडविट हिवाळ्यात राखी-तपकिरी असतो. विणीच्या हंगामाकडे जाताना त्याच्या मानेवर व छातीवर विटकरी तांबूस रंग चढतो. सकाळच्या कोवळ्या उन्हातील चित्राला संपादनात आणखी ऊब दिली जाते, कारण सोनेरी प्रकाश लोकांना आवडतो. परिणामी डिसेंबरातला पक्षी एप्रिलातला भासू लागतो. या छटांवरच स्थलांतरी पक्ष्यांच्या वयाची व ऋतूची ओळख अवलंबून असते, हे संपादकाच्या ध्यानीमनीही नसते. टिलव्यासारख्या इवल्या पक्ष्यांच्या बाबतीत तर पायांची छटा आणि पाठीवरच्या पिसांच्या कडा यांखेरीज ओळखीला फारसा आधारच नसतो.

अलीकडे चित्रातील रवाळपणा घालविणारी, कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली साधने आली आहेत. अंधुक प्रकाशात घेतलेल्या चित्रात जेथे पिसांचा तपशील उमटलेलाच नसतो, तेथे ही साधने अनुमानाने तपशील भरतात. ते पीस त्या पक्ष्याचे नसते. हजारो चित्रांतून शिकलेल्या यंत्राच्या अंदाजाचे असते. पक्षी अधिक रेखीव दिसतो आणि साक्ष म्हणून अधिक निरुपयोगी होतो.

एक उदाहरण थोडे दूरचे, पण मुद्दा चटकन स्पष्ट करणारे आहे. चित्र आडवे उलटविणे, म्हणजे डावीकडे पाहणारा पक्षी उजवीकडे पाहणारा करणे, हा बदल बहुतेकांना निरुपद्रवी वाटतो. न्यूझीलंडमध्ये किनाऱ्यावर राहणाऱ्या ‘रायबिल’ नावाच्या पक्ष्याची चोच नेहमी उजवीकडे वळलेली असते. त्याचे चित्र उलटविले की जगात अस्तित्वात नसलेला पक्षी जन्माला येतो! निरुपद्रवी बदल कोणता, हे संगणकाच्या आज्ञावलीवरून ठरत नाही. समोरचा पक्षी कोणता आहे, यावरून ठरते.

नियमांना न दिसणारी कात्री

आंतरराष्ट्रीय पातळीवर छायाचित्रसंघटनांनी या गोंधळावर नियमांचा उपाय योजला आहे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका, फियाप आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी निसर्गछायाचित्राची एक सामाईक व्याख्या स्वीकारली. भारतातील अनेक स्पर्धांचे नियम तिच्यावर बेतलेले असतात. या व्याख्येप्रमाणे चित्रातील कोणताही घटक वाढविणे, हलविणे, बदलणे किंवा काढून टाकणे निषिद्ध आहे. अपवाद फक्त चौकट कातरण्याचा. तसेच मानवनिर्मित घटक चित्रात नसावेत, मात्र ते निसर्गकथेचा अविभाज्य भाग असतील तर चालतील, असेही तीत म्हटले आहे.

हेतू चांगला आहे, याबद्दल दुमत नाही. पण या दोन तरतुदी एकत्र वाचल्या की त्यांतील विसंगती उघडी पडते. शेकाट्याच्या पायाजवळची गवताची एक काडी संगणकावर पुसली, तर चित्र बाद होते. त्याच शेकाट्यामागचा अख्खा बंधारा, पाण्यात रोवलेले जाळ्याचे बांबू, काठावर वाळणारी जलपर्णी, हे सर्व कातरीने उडविले तर चित्र वैध ठरते. इतकेच नव्हे, मानवी खूण नाहीशी झाल्याने त्याला अधिक गुण मिळण्याची शक्यता असते. नियम कुंचला पकडतात, कात्री सोडून देतात.

नांदूर मध्यमेश्वरच्या बाबतीत हा विरोधाभास विशेष तीव्र होतो, कारण तेथील पाणथळ हीच मानवनिर्मित आहे. बंधारा नसता तर गाळ नाही, गाळ नसता तर उथळ पाणी नाही आणि उथळ पाणी नसते तर हे पक्षी तेथे नसते. भोवतीचे द्राक्षाचे मळे, ऊस, कांद्याची शेते, पाण्याची पातळी वर-खाली करणारे सिंचनाचे वेळापत्रक, हे सारे त्या पक्ष्याच्या जीवनाचा भाग आहे. चिखलाचा पट्टा आज उघडा आहे की पाण्याखाली, हे निसर्गाइतकेच पाणी सोडण्याच्या निर्णयावर अवलंबून असते. अशा ठिकाणी मानवी घटक वगळून काढलेले ‘शुद्ध’ निसर्गचित्र हे त्या स्थळाविषयीचे असत्य विधान होय.

शिवडीची कथा याहून बोलकी आहे. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून तेथील चिखलाच्या विस्तारावर हजारो रोहित येऊ लागले. मागे तेलशुद्धीकरणाच्या चिमण्या, बाजूला दुरुस्तीला लावलेली जहाजे आणि समोर गुलाबी थवा, असे ते दृश्य होते. ठाणे खाडीचा काही भाग 2015 मध्ये रोहित अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर क्षेत्रही. 12 जानेवारी 2024 रोजी खुला झालेला अटल सेतू याच शिवडीच्या चिखलावरून पुढे समुद्रात जातो. त्याच वर्षीच्या मे महिन्यात घाटकोपर परिसरात उतरत्या विमानाची धडक बसून सुमारे 40 रोहित मृत्यू पावले. इतक्या कोंडलेल्या जागेत राहणाऱ्या पक्ष्याची प्रदर्शनांतून दिसणारी प्रतिमा मात्र बहुधा निर्मळ निळ्या पाण्यावर पंख पसरलेल्या एकाकी रोहिताची असते. ते चित्र आफ्रिकेतील एखाद्या सरोवरावरचे आहे की मुंबईचे, हे कोणीही सांगू शकणार नाही. काही छायाचित्रकारांनी याउलट, गगनचुंबी इमारतींची रांग मुद्दाम चौकटीत ठेवली. त्यांतील काही चित्रे शहराच्या जाहिरातीसारखी गुळगुळीत झाली, हे मान्य केले तरी पक्षी कोठे उभा आहे, याचे उत्तर ती देतात.

येथे भिंगाचाही विचार करावयास हवा. 500 किंवा 600 मिलिमीटरचे भिंग आणि मोठे छिद्र वापरले की पार्श्वभूमी लोण्यासारखी मऊ होते. छायाचित्रकार जमिनीसरसा आडवा होऊन पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून चित्र घेतो, तेव्हा पक्ष्याशी जवळीक साधते, हे खरेच. ही पद्धत वरून खाली पाहणाऱ्या चित्रापेक्षा निश्चितच सुसंस्कृत आहे. परंतु त्याच कोनातून पक्ष्यापुढचा व मागचा चिखल एका धूसर पट्ट्यात नाहीसा होतो. काठावरच्या पक्ष्याचा काठच जातो. कात्री न चालविताही कातरणे झालेले असते.

चित्रतुरगन्याय आणि छायाचित्र

भारतीय काव्यशास्त्रात या प्रश्नाची एक जुनी मांडणी उपलब्ध आहे. रससूत्राचे विवरण करताना श्रीशंकुकाने चित्रतुरगन्याय सांगितला, तो अभिनवगुप्ताच्या टीकेतून आपल्यापर्यंत आला. चित्रातील घोडा पाहताना होणारे ज्ञान हे ‘हा घोडाच आहे’ असे सम्यक् ज्ञान नसते, मिथ्या ज्ञान नसते, संशय नसतो आणि केवळ सादृश्यज्ञानही नसते. ते या चारांहून वेगळे असते. चित्रकाराने घोड्याला निळा रंग दिला तरी प्रेक्षक फसत नाही, कारण त्याने सत्यासत्याचा तो करारच केलेला नसतो.

छायाचित्रातील पक्षी हा असा चित्रतुरग आहे काय? काही बाबतीत आहे. जपानी छायाचित्रकार मासाहिसा फुकासे याच्या 1986 मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या कावळ्यांच्या मालिकेत रवाळ, काळोखी, जवळजवळ आकारहीन पक्षी आहेत. ते पाहून कोणी जातीची नोंद करू जाणार नाही. ती दुःखाची चित्रे आहेत आणि तशीच पाहिली जातात. झावी बोऊ हा कॅटलन छायाचित्रकार एकाच पक्ष्याच्या उड्डाणाच्या अनेक चौकटी एकत्र करून आकाशात वळसे घेणारी एक अखंड रेषा निर्माण करतो. गलांचा किंवा इतर पक्ष्यांचा थवा असा दोऱ्यासारखा दिसत नाही, हे पाहणाऱ्यास प्रथमदर्शनीच कळते. फाळक्यांच्या वाटाण्याप्रमाणेच येथेही संपादन स्वतःला लपवीत नाही आणि म्हणून ते उड्डाणाच्या गतीविषयी नवीन काही सांगू शकते.

याउलट अमेरिकी छायाचित्रकार आर्ट वुल्फ यांच्या ‘मायग्रेशन्स’ (1994) या ग्रंथातील काही कळपांच्या व थव्यांच्या चित्रांत रिकाम्या जागा प्राण्यांच्या प्रती ठेवून भरून काढण्यात आल्या होत्या. ग्रंथाच्या प्रास्ताविकात तशी कबुली होती. तरीही वाद पेटला. याचे कारण शंकुकाच्या न्यायाने समजते. त्या चित्रांची भाषा साक्षीची होती. पाहणारा त्यांना घोड्याचे चित्र म्हणून पाहत नव्हता, घोडा म्हणून पाहत होता. कबुली पुस्तकाच्या एका कोपऱ्यात होती आणि दावा प्रत्येक पानावर होता.

क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्य हे काव्याचे जीवित मानले. संपादनाला हीच कसोटी लावणे अधिक योग्य वाटते. प्रश्न ‘किती बदलले’ हा नसून ‘ज्या रूपात चित्र समोर ठेवले आहे, त्या रूपाला हा बदल उचित आहे काय’ हा आहे. बगळ्याच्या पांढऱ्या पिसांतील तपशील प्रखर उन्हात करपला असेल आणि तो मूळ फाइलमधून हलक्या हाताने परत आणला, तर ते उचितच आहे. डोळ्यांना तो तपशील दिसत होता, यंत्राला पेलला नाही. पण पक्ष्याच्या पायातील कडे विसंगत दिसते म्हणून पुसून टाकणे अनुचित आहे. संशोधकांनी घातलेल्या कड्यांवरून व रंगीत पट्ट्यांवरून पक्षी कोठून आला, किती वर्षे जगला, हे कळते. मंगोलियात मानपट्टी घातलेले पट्टकादंब भारतातील जलाशयांवर अशाच नोंदींतून ओळखले गेले आहेत. सौंदर्यदृष्टीला डाग वाटणारी ती पट्टी त्या पक्ष्याचे चरित्र असते.

चित्रामागची धावपळ

रचनेचा आणखी एक परिणाम चौकटीच्या बाहेर घडतो आणि तो कोणत्याही स्पर्धेच्या नियमावलीत नीट मोजता येत नाही. थवा उडताना अधिक देखणा दिसतो. म्हणून तो उडविला जातो. गेटवे ते मांडवा या जलमार्गावर लाँचमागे येणाऱ्या कुरवांना खाद्य फेकून जवळ बोलावणे हा तर करमणुकीचाच भाग झाला आहे; हातभर अंतरावरील, स्वच्छ आकाशावरील कुरवाची असंख्य चित्रे तेथूनच येतात. किनारपक्ष्यांच्या बाबतीत मात्र हा खेळ महाग पडतो. 2022 मध्ये पट्टेरी शेपटीच्या एका तरुण गॉडविटाने अलास्कापासून टास्मानियापर्यंत सुमारे 13,560 किलोमीटरचे अंतर 11 दिवसांत न थांबता पार केले. असे प्रवास अंगातील चरबीच्या साठ्यावर होतात आणि तो साठा चिखलावर शांतपणे चरण्याच्या तासांतून तयार होतो. ओहोटीचे तास मोजके असतात. प्रत्येक उडवणी त्या साठ्यातून काहीतरी खर्च करते. ‘थव्याचे उड्डाण’ या शीर्षकाचे चित्र पाहताना तो थवा कशामुळे उडाला, हे विचारणे म्हणून कलाबाह्य ठरत नाही. भोवत्याच्या झडपेमुळे उडालेला थवा आणि माणसाच्या पावलामुळे उडालेला थवा यांच्या रचनेतही बारकाईने पाहिल्यास फरक जाणवतो. पहिल्यात थवा आकसून गोळा होतो आणि त्याला वर किंवा बाजूला शत्रू असतो. दुसऱ्यात सगळे पक्षी कॅमेऱ्याकडे पाठ करून निघालेले असतात. पाठमोऱ्या थव्यांची चित्रे प्रदर्शनांत किती असतात, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे.

महाविद्यालयीन स्पर्धांपुरता एक व्यवहार्य बदल करता येईल. निसर्गचित्रांच्या विभागात कातरण्यापूर्वीची मूळ फाइल अंतिम चित्रासोबत मागवावी आणि परीक्षकांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. संपादित व संयोजित चित्रांसाठी स्वतंत्र विभाग असावा आणि त्यात फुकासे किंवा बोऊ यांच्यासारखे स्वातंत्र्य निःसंकोच द्यावे. चित्राखालील ओळीत जातीच्या नावासोबत स्थळ, महिना आणि केलेले बदल लिहावेत. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश हाताशी आहेच. मूळ फाइली प्राणिशास्त्र किंवा पर्यावरण विभागाच्या संग्रहात वर्षवार ठेवल्यास नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्याची पातळी, जलपर्णीचा विस्तार आणि चिखलाचे उघडे पट्टे यांची चित्रनोंद आपोआप साचत जाईल. पुरस्कारप्राप्त चित्रातून कातरून टाकलेला बंधारा, जाळ्याचे बांबू आणि पायातील कडे त्या फाइलींमध्ये जसेच्या तसे असतात.